तीन मीटरचा थर: चुनखडकातलं पाणी ठरल्यापेक्षा लवकर का आलं?

समुद्रतळाखालच्या चुनखडकात एकमेकींपासून ४०० मीटरवर दोन विहिरी आहेत. एकीतून समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून खडकात ढकललं जातं. दुसरीतून तेल वर येतं. पाणी तेलाला पुढे रेटत नेईल आणि साधारण दोन वर्षं चार महिन्यांनी दुसऱ्या विहिरीत पोहोचेल, असं पहिल्या मॉडेलने सांगितलं होतं. प्रत्यक्षात साडेसात महिन्यांतच पाणी आलं. तेही चाहूल न देता: खडकातून विहिरीत शिरणाऱ्या द्रवात एकदम ४६ टक्के पाणी. चूक कुठे आहे आणि विहिरीत आता काय करायचं, हे दोन प्रश्न या प्रकरणात सोडवायचे आहेत.

मुंबईतल्या एका अभ्यासवर्गात मी हे प्रकरण घेतो. विहिरींची ही जोडी प्रत्यक्षातली नाही, शिकवण्यासाठी रचलेली आहे. आकडे हाताने सोडवता येतील असे निवडले आहेत. खडकाची ठेवण मात्र आपल्याच दारातली आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात 'सागर सम्राट' या खोदकामाच्या रिगने १९७४ मध्ये तेल शोधलं आणि १९७६ मध्ये मुंबई हायचं उत्पादन सुरू झालं. तिथला मुख्य साठा एल-३ नावाच्या, मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. हा खडक एकसंध नाही. चुनखडकाचे थर, मधूनमधून शेलच्या, म्हणजे पाणी सहसा जाऊ न देणाऱ्या मातकट खडकाच्या, पातळ पट्ट्या, वर वायूची टोपी, म्हणजे तेलावर साठलेला वायू, अशी त्याची रचना आहे. १९८० च्या दशकात तिथे दाब टिकवण्यासाठी पाणी सोडायला सुरुवात झाली. तेव्हापासून 'पाणी कुठून कुठे जातंय' हा या शहरातल्या रिझर्व्हॉयर इंजिनिअरांच्या, म्हणजे तेलसाठ्याचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या, रोजच्या कामाचा प्रश्न आहे.

पहिलं मॉडेल

दोन विहिरींमधला खडकाचा ठोकळा ४०० मीटर लांब, ३०० मीटर रुंद आणि २० मीटर जाड आहे. सच्छिद्रता २५ टक्के. म्हणजे छिद्रांची एकूण जागा ६ लाख घनमीटर. रोज ३०० घनमीटर पाणी आत जातं, तेव्हा छिद्रांच्या जागेइतकं पाणी आत जायला २००० दिवस लागतात. या जागेत सुरुवातीला २५ टक्के पाणी आहे. ते कणांना धरून बसलेलं असतं, हलत नाही. उरलेलं ७५ टक्के तेल. पाणी कितीही सोडलं तरी २५ टक्के तेल छिद्रांत अडकून राहणार आहे. म्हणजे हलू शकणारी जागा निम्मीच.

आता गती. आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूतून पाणी सोडून पाहिलं आणि प्रवाह दाबाच्या उताराच्या प्रमाणात असतो असं मांडलं. एकच द्रव असेल तर तेवढं पुरतं. तेल आणि पाणी एकाच छिद्रजाळ्यातून वाहतात तेव्हा दोघेही एकमेकांची वाट अडवतात. खडक द्रवाला किती सहज वाहू देतो ती त्याची पारगम्यता. दोन द्रव असतील तर प्रत्येकाला तिचा स्वतःचा वाटा, म्हणजे सापेक्ष पारगम्यता, द्यावी लागते, आणि ती त्या त्या ठिकाणी किती पाणी साठलंय, म्हणजे संपृक्तता किती, यावर अवलंबून असते. मस्कट आणि मेरेस यांनी १९३६ मध्ये दार्सीचा नियम अशा अनेक द्रवांसाठी विस्तारला. आजचे सिम्युलेटर, म्हणजे साठ्यातल्या प्रवाहाचा हिशेब करणारे संगणक-प्रोग्रॅम, त्याच पायावर उभे आहेत.

सापेक्ष पारगम्यतेला त्या द्रवाच्या दाटपणाने भागलं की त्याची चलनक्षमता मिळते. एखाद्या जागी वाहणाऱ्या द्रवात पाण्याचा वाटा किती, हे दोन चलनक्षमतांच्या गुणोत्तरावरून ठरतं:

पाण्याचा वाटा = १ ÷ (१ + तेलाची चलनक्षमता ÷ पाण्याची चलनक्षमता)

इथे तेलाचा दाटपणा ०.८ आणि पाण्याचा ०.४ सेंटिपॉइज धरला आहे. दोन्ही सापेक्ष पारगम्यता हलणाऱ्या संपृक्ततेच्या वर्गाने बदलतात. तेलाची कमाल ०.८, पाण्याची ०.३. पाण्याचा वाटा संपृक्ततेसमोर काढला की इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा मिळते.

बकले आणि लेव्हरेट यांनी १९४२ मध्ये दाखवलं की या वक्ररेषेचा उतार म्हणजेच त्या संपृक्ततेचा खडकातला वेग. मला हे निष्पत्तीचं पाऊल फार आवडतं, कारण त्यातूनच एक अडचण उभी राहते. वक्ररेषेच्या मधल्या भागात उतार सर्वांत जास्त. म्हणजे मधली संपृक्तता आपल्या पुढच्या कमी संपृक्ततेला गाठते आणि ओलांडून जाते. मग एकाच जागी एकाच वेळी तीन संपृक्तता निघतात, आणि ते अशक्य आहे. निसर्गात तिथे उडी तयार होते: पुढे तेलाचा भाग, मागे पाण्याने भरलेला भाग, मध्ये धारदार सीमा. ही सीमा कुठे बसते हे वस्तुमानाच्या अक्षय्यतेने ठरतं. १९५२ मध्ये वेल्जने त्यासाठी सोपी रीत दिली: सुरुवातीच्या बिंदूतून वक्ररेषेला स्पर्शिका काढा; स्पर्श होतो ती सीमेमागची संपृक्तता आणि स्पर्शिकेचा उतार हा सीमेचा वेग.

आपल्या आकड्यांत स्पर्शबिंदू संपृक्तता ०.६३ वर येतो. तिथे पाण्याचा वाटा ८८ टक्के. सीमेचा वेग असा निघतो की छिद्रांच्या जागेच्या ०.४३ पट पाणी सोडलं की ती उत्पादन विहिरीत पोहोचावी. ०.४३ गुणिले २००० म्हणजे ८६० दिवस. दोन वर्षं चार महिने इथून आले. तोवर ठोकळ्यातलं ५७ टक्के तेल निघालेलं असतं.

या गणितात कुठेही चूक नाही. फक्त २० मीटर जाडीच्या खडकाला सरासरीने ४७ मिलीडार्सी (हे पारगम्यतेचं एकक) ही एकच पारगम्यता दिली आहे. आणि गंमत अशी, की एकसंध ठोकळ्यात पाणी पोहोचायचा काळ या ४७ वर अवलंबूनच नाही. सोडण्याचा दर आपण ठरवून दिला आहे, म्हणून पारगम्यता फक्त लागणारा दाब ठरवते. ४७ च्या जागी १० टाका किंवा ५०० टाका, उत्तर ८६० दिवसच.

सरासरीच्या आत काय होतं

हा आकडा कसा तयार झाला ते उलगडलं तर असं दिसतं: १७ मीटर जाडीला पारगम्यता २० मिलीडार्सी, ३ मीटरला २००. थरांना समांतर वाहणाऱ्या प्रवाहासाठी जाडीनुसार सरासरी काढतात: १७ गुणिले २० म्हणजे ३४०, अधिक ३ गुणिले २०० म्हणजे ६००, एकूण ९४० भागिले २०, म्हणजे ४७. सरासरी बरोबर आहे. पण ९४० पैकी ६०० हा वाटा त्या ३ मीटरचा आहे. जाडी १५ टक्के आणि सुरुवातीचा प्रवाह ६४ टक्के. पारगम्यतेच्या विषमतेचा पाणीपूरणावर, म्हणजे पाणी सोडून तेल रेटण्यावर, होणारा परिणाम डिकस्ट्रा आणि पार्सन्स यांनी १९५० मध्ये मोजमापात बसवला होता. तेच मोजमाप इथेही लागू पडतं.

दोन थरांमध्ये शेल आहे आणि पाणी वरखाली जाऊ शकत नाही, असं आधी धरू. दोन्हींच्या टोकांना दाबाचा फरक सारखाच. पातळ थरात पाणी दहापट वेगाने धावेल असं वाटतं. ते पूर्ण खरं नाही. सीमेच्या मागे तेल आणि पाणी एकत्र वाहतात, एकमेकांना अडवतात, आणि तिथली एकूण चलनक्षमता नुसत्या तेलाच्या जवळपास ०.५७ पट उरते. म्हणजे पातळ थरात पाणी जसजसं पुढे सरकतं तसतसा तो थर स्वतःला थोडा बंद करत जातो आणि प्रवाह जाड थराकडे वळतो. तेल पाण्यापेक्षा बरंच दाट असतं तर नेमकं उलट झालं असतं: वेगवान थर आणखी वेगवान झाला असता.

हे धरून हिशेब केला तर पातळ थरातलं पाणी विहिरीत पोहोचतं तेव्हा जाड थरातली सीमा ४०० पैकी फक्त ५२ मीटर पुढे गेलेली असते. एकूण सोडलेलं पाणी छिद्रांच्या जागेच्या ०.११ पट. दिवस २२५. त्या क्षणी पातळ थराचा प्रवाहातला वाटा ५३ टक्के आणि त्यातलं ८८ टक्के पाणी, म्हणून एकूण द्रवात पाणी ४६ टक्के. वर प्लॅटफॉर्मवर मोजलं तर हा आकडा आणखी मोठा दिसतो. वर येताना तेलातला वायू निघून जातो आणि तेल आकसतं. खालचं १.२५ घनमीटर तेल वर १ घनमीटर होत असेल तर ४६ चे सुमारे ५२ होतात. हा फरक न धरता मॉडेल आणि मोजमाप शेजारी ठेवणं धोक्याचं आहे.

साठ्यातलं ५७ ऐवजी फक्त १५ टक्के तेल निघालं आणि पाणी आलं. १७ मीटरचा खडक जवळपास होता तसाच आहे.

इथे सिम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. संगणकातल्या जाळीचे उभे चौकोन ५ मीटरचे घेतले, तर ३ मीटरचा हा थर एका चौकोनात २ मीटर सामान्य खडकासोबत मिसळतो. त्या चौकोनाची सरासरी पारगम्यता १२८ मिलीडार्सी होते. बाकी सगळं तेच ठेवून हिशेब केला तर पाणी २२५ ऐवजी ३४४ व्या दिवशी पोहोचतं. भौतिकशास्त्र तेच, विहिरी त्याच. नुसत्या जाळीने चार महिने उशीर केला. आडव्या दिशेला जाळी जाड असेल तर उलट त्रास होतो. धारदार सीमा पसरट होते आणि थोडं थोडं पाणी खऱ्यापेक्षा आधीच विहिरीत दिसू लागतं. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात, आणि झाकल्या की कोणाच्या लक्षात येत नाहीत.

जुळलेली रेषा

वर्गात या टप्प्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पण थर न घालताही मी हा ग्राफ जुळवू शकते. सापेक्ष पारगम्यतेच्या रेषा बदलल्या की झालं. मग थर आहेत असं कशावरून?"

माझ्या मते या प्रकरणातला हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. तिचं म्हणणं गणिताने बरोबर आहे. थरांचा ठोकळा आणि बदललेल्या रेषांचा एकसंध ठोकळा, दोघांकडून विहिरीत येणारं पाणी सारखंच दिसेल अशा रेषा मुद्दाम तयार करता येतात. त्यांना आभासी सापेक्ष पारगम्यता म्हणतात. हर्नने १९७१ मध्ये थरांच्या साठ्यासाठी ही रीत दिली, आणि ती उपयोगी म्हणूनच दिली: शेकडो थर संगणकात घालण्याऐवजी एका थरात त्यांचा परिणाम बसवता यावा म्हणून. पण तीच रीत उलटी वाचली तर तिचा अर्थ असा होतो, की पाण्याच्या वाट्याचा ग्राफ जुळवून थर आहेत की नाहीत हे सिद्ध करता येत नाही.

चुनखडकात तर हा दुसरा अर्थ नुसता कागदावरचा नाही. पुष्कळ चुनखडक पाण्यापेक्षा तेलाला धरून ठेवतात. अशा खडकात पाणी मोठ्या छिद्रांच्या मधून, कमी संपृक्ततेलाही सहज वाहतं. त्याची सापेक्ष पारगम्यता लवकर चढते आणि पाणी लवकर येतं. म्हणजे 'इथे वेगवान थर आहे' आणि 'इथला खडक तेलाला धरणारा आहे' ही दोन्ही उत्तरं तितकीच विश्वासार्ह वाटतात. हिस्ट्री मॅच झाला, म्हणजे मॉडेलचा ग्राफ विहिरीच्या मागच्या मोजमापांशी जुळला, म्हणून अहवाल बंद करणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही, कारण या दोन उत्तरांवरून विहिरीत करायची कामं अगदी वेगळी आहेत.

थर खरा असेल तर तो बंद करायचा: विहिरीच्या नळीला त्या ३ मीटरमध्ये पाडलेली छिद्रं सिमेंट दाबून किंवा यांत्रिक प्लग टाकून बुजवायची. खडकच तेलाला धरणारा असेल आणि थर नसेल, तर तीच छिद्रं बुजवून १५ टक्के द्रव कमी होईल, त्यातलं तेलही १५ टक्के कमी होईल, आणि पाण्याचा वाटा तसाच राहील. समुद्रातल्या विहिरीवर असं काम म्हणजे रिग किंवा दुरुस्तीचं पथक, जहाजं, आणि पावसाळ्यात तर हवामानाची वाट पाहणं. ते चुकीच्या कारणासाठी करून चालत नाही.

म्हणून असं मोजमाप शोधायचं ज्यावर दोन मॉडेल वेगळं बोलतात. विहिरीत शिरणारा एकूण द्रव आणि पाण्याचा वाटा यांवर ती एकच बोलतात. द्रव *कुठल्या खोलीवरून* येतो यावर मात्र नाही. थरांचं मॉडेल सांगतं: त्या ३ मीटरमधून ५३ टक्के. एकसंध मॉडेल सांगतं: जाडीच्या प्रमाणात, म्हणजे १५ टक्के. ५३ आणि १५ मधला फरक कुठलंही बरं उपकरण ओळखेल. विहीर चालू असताना केबलवर फिरकी असलेलं प्रॉडक्शन लॉगिंगचं उपकरण खाली सोडतात आणि प्रत्येक खोलीवर प्रवाह मोजतात. सोबत पाणी कुठे आणि तेल कुठे हेही दिसतं. सोडलेल्या पाण्यात ट्रेसर, म्हणजे ओळखता येईल असा पदार्थ, मिसळून तो दुसऱ्या विहिरीत कधी येतो हे पाहणं हा आणखी एक मार्ग. खडकाच्या नमुन्यावर प्रयोगशाळेत ओलेपणा, म्हणजे खडक पाण्याला धरतो की तेलाला, हे तपासलं तर दुसरी शक्यताही थेट तपासता येते.

प्रकरणात असं दिलं आहे की फिरकीने निम्म्याहून जास्त द्रव त्या ३ मीटरमधून दाखवला, आणि उरलेल्या जाड भागातून आलेल्या तेलात पाणी नव्हतं. थर खरा आहे.

बुजवल्यावर काय मिळेल

इथे विद्यार्थी हमखास म्हणतात की पाणी थांबलं की तेल वाढेल. हिशेब करून पाहू. पाणी आलं त्या दिवशी रोजच्या ३०० घनमीटर द्रवात १३९ पाणी आणि १६१ तेल आहे. या १६१ पैकी जाड थराचं १४२, पातळ थराचं उरलंसुरलं १९. दोन्ही विहिरींत पातळ थर बुजवला आणि दाबाचा फरक तोच ठेवला, तर जाड थर देतो ते १४२ च देत राहतो. तेल थोडं कमीच झालं. फायदा पाण्याचा आहे: प्लॅटफॉर्मवर रोज १३९ घनमीटर पाणी वेगळं करायचं, शुद्ध करायचं आणि विल्हेवाट लावायची हे काम थांबलं. सोडायचं पाणीही निम्म्याहून कमी लागलं, ते दुसऱ्या विहिरीला देता येतं.

तेल वाढवायचं असेल तर सोडण्याचा दाब वाढवावा लागतो. दाबाचा फरक पाव हिस्सा वाढवला तर १४२ चे १७७ होतात. दाबाला वरची मर्यादा आहे: खडक तडकेल त्या दाबाच्या खालीच राहावं लागतं. तडा गेला तर पाण्याला पातळ थरापेक्षाही मोकळी वाट मिळते. १४२ च्या दराने जाड थरातली सीमा उत्पादन विहिरीत यायला अजून साडेतीन वर्षांहून जास्त काळ लागेल, आणि त्या काळात जवळपास कोरडं तेल मिळेल. मंद गती आणि स्वच्छ तेल, की जास्त गती आणि जास्त पाणी, हा निर्णय प्लॅटफॉर्मची पाणी हाताळायची क्षमता किती यावर ठरतो.

हे सगळं शेलच्या पट्टीवर उभं आहे. दोन थरांमध्ये शेल सलग नसेल, कुठेतरी पट्टी विरलेली असेल, तर सोडणाऱ्या विहिरीत छिद्रं बुजवून पाणी फार काळ अडत नाही. ते विहिरीच्या जवळ जाड थरात शिरतं, थोडं पुढे गेल्यावर सोप्या वाटेने पुन्हा पातळ थरात उतरतं आणि दुसऱ्या विहिरीकडे धावतं. अशा वेळी पातळ थर वर आहे की खाली, हेही महत्त्वाचं ठरतं, कारण पाणी जड असल्याने ते खालच्या थरात जायला गुरुत्वाची मदत होते. पाण्याला धरणारा खडक असेल तर जाड थर केशिक दाबाने, म्हणजे टीपकागद शाई ओढतो तसा, पातळ थरातलं पाणी आपल्याकडे ओढतो, आणि तेव्हा थरांमधला संपर्क फायद्याचाही ठरू शकतो.

वायूचं एवढंच सांगतो: पाणी सोडणं कमी केल्याने साठ्याचा दाब बुडबुडा-बिंदूच्या, म्हणजे तेलात वायू विरघळून राहायला लागणाऱ्या किमान दाबाच्या, खाली गेला, तर तेलातून वायू सुटतो, छिद्रांत तिसरा वाहणारा पदार्थ येतो आणि दोन रेषांवर केलेला हा हिशेब पुरत नाही. मग तिन्हींची सापेक्ष पारगम्यता लागते. त्यासाठी स्टोनने १९७० आणि १९७३ मध्ये दिलेली सूत्रं आजही वापरात आहेत. वायूच्या टोपीखालच्या साठ्यात पातळ थर बुजवण्याआधी हे तपासावंच लागतं.

शेवटचं काम बुजवल्यानंतरच्या मोजमापाचं. पाण्याचा वाटा शून्याजवळ गेला आणि तेल १४२ च्या आसपास टिकून राहिलं, तर शेल सलग आहे आणि थरांचं मॉडेल टिकलं. वाटा आधी पडला आणि काही महिन्यांत हळूहळू पुन्हा चढू लागला, तर पाण्याने शेलमधून वाट काढली आहे. मग मॉडेलमध्ये थरांमधली उभी पारगम्यता घालून तो चढ किती वेगाने होतो यावरून ती ठरवायची. पाण्याचा वाटा अजिबात पडलाच नाही आणि एकूण द्रव १५ टक्क्यांच्या आसपासच कमी झाला, तर फिरकीचा लॉग पुन्हा वाचायला घ्यायचा, आणि त्यासोबत खडकाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.